परिवहन अर्थशास्त्र शिकायचं असेल तर आधी एका फेरीचा हिशेब मांडून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.ए. अर्थशास्त्र झालं आहे, नाशिकमध्ये एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात तीन वर्षं बुकिंग आणि बिलिंग सांभाळता आहात, वडील एसटीत वाहक होते. आता परिवहन अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं मनात आहे. एमबीए लॉजिस्टिक्स करावं की हे? बारावीनंतर गणित सुटलं त्याचं काय? इंग्लंडच्या एक वर्षाच्या पदवीसाठी कर्ज काढावं का? आणि हे सगळं करून नोकरी कुठे मिळते?

मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत. बस, मेट्रो आणि रस्त्यांच्या प्रकल्पांचे आर्थिक अहवाल लिहिले, इतरांनी लिहिलेले तपासले, मधूनमधून पदव्युत्तर वर्गांना शिकवलंही. या अनुभवावरून सांगते की कॉलेजांच्या नावांपासून सुरुवात करू नका. तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. तुम्हाला वाहतूक चालवायची आहे, की ती किती असावी, कोणत्या दराने असावी आणि तिचे पैसे कुणी द्यावेत याचा हिशेब मांडायचा आहे? पहिलं काम व्यवस्थापनाचं, दुसरं अर्थशास्त्राचं. पदवीच्या नावात दोन्ही शब्द शेजारी शेजारी असतात, पण विषयांची यादी उघडली की बहुतेक ठिकाणी एकच बाजू जड निघते. आपल्याला कोणती बाजू हवी हे कळलं की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

फरक दाखवायला तुमच्या घरातलंच उदाहरण घेते. मुक्कामी गाडी.

संध्याकाळी तालुक्याहून सुटून आडगावात रात्री थांबणारी आणि सकाळी कॉलेजची मुलं, भाजीवाल्या बायका, कोर्टाची तारीख असलेली माणसं घेऊन परत येणारी. आगाराच्या तक्त्यात ही फेरी बहुधा तोट्यात दिसते. समजण्यापुरते आकडे धरू. किलोमीटरमागे एकूण खर्च ७० रुपये, उत्पन्न ४० रुपये, म्हणजे तोटा ३०. फेरी बंद केली तर किलोमीटरमागे ३० रुपये वाचतील असं पहिल्यांदा कुणालाही वाटेल. आता ते ७० रुपये सुटे करा. डिझेल, टायर, ऑइल, सुटे भाग मिळून समजा २६. उरलेल्या ४४ मध्ये चालक-वाहकांचे पगार, कार्यशाळा, आगार आणि विभागीय कार्यालयाचा वाटा, गाडीचा घसारा. उद्यापासून फेरी बंद केली तर यातलं काय थांबतं? फक्त ते २६. पगार द्यावेच लागतात, आगाराची वीज चालूच राहते. म्हणजे वाचले २६ आणि गेले ४०. तोटा कमी व्हायच्या ऐवजी किलोमीटरमागे १४ रुपयांनी वाढला.

इथवर एखादा हुशार लेखापालही येतो. पण विषय इथे संपत नाही. तीच गाडी आणि तेच चालक-वाहक जर शेजारच्या, जास्त भारमान असलेल्या, म्हणजे जास्त जागा भरणाऱ्या मार्गावर लावता येणार असतील, तर मुक्कामी फेरीचा खरा खर्च म्हणजे तिकडे बुडालेलं उत्पन्न. आणि गाडी पुढच्या वर्षी मोडीत निघणार असेल, नवी घ्यायची की नाही हे ठरवायचं असेल, तर आज जो घसारा हिशेबाबाहेर ठेवला तो पुन्हा आत येतो. एकाच फेरीचा खर्च उद्यासाठी वेगळा, या वर्षासाठी वेगळा आणि पुढच्या पाच वर्षांसाठी वेगळा. म्हणून ‘खर्च किती?’ एवढ्या प्रश्नाला उत्तरच नसतं. कोणता निर्णय घेण्यासाठी विचारता आहात, हे आधी सांगावं लागतं.

त्याच्याही पुढे, आगाराच्या कोणत्याच तक्त्यात न येणारा खर्च असतो. फेरी बंद झाल्यावर ती मुलं वडापच्या जीपने येतील, जास्त पैसे देऊन आणि जास्त धोका पत्करून. काहींचं कॉलेज सुटेल, आणि त्यात मुली जास्त असतील. शिवाय दिवसातल्या चार फेऱ्यांपैकी एक काढली की उरलेल्या तिघींची वाट पाहण्याचा वेळ वाढतो, म्हणून त्यांचेही प्रवासी कमी होतात. तोट्यातली फेरी काढली म्हणून फायद्यातली फेरी तोट्यात जाते. हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली हीच गोष्ट उलट्या बाजूने मांडली: प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचा थांब्यावरचा वेळ कमी होतो, म्हणून सार्वजनिक वाहतुकीला अनुदान देण्याला दयामाया सोडूनही शुद्ध आर्थिक आधार आहे. आता हे अनुदान राज्याने थेट द्यायचं, की पुणे–नाशिकच्या प्रवाशाकडून जास्त भाडं घेऊन मुक्कामी गाडी चालवायची? १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे आणि सवलतीची प्रतिपूर्ती शासन महामंडळाला करतं. हा पहिला मार्ग झाला. तोट्याचे मार्ग फायद्याच्या मार्गांवर पोसणं हा दुसरा. दोन्हींचे परिणाम वेगळे, आणि कोणता बरा हे दोन्हींचे आकडे मांडल्याशिवाय सांगता येत नाही.

हे वाचताना तुम्हाला ‘मग पुढे काय?’ असं वाटलं असेल तर तुमचा कल अर्थशास्त्राकडे आहे. ‘ती गाडी वेळेवर कशी सुटेल, चालकाची विश्रांती कशी बसवायची’ हे डोक्यात आलं असेल तर व्यवस्थापनाकडे. दोन्ही कामं तितकीच मोलाची आहेत. फक्त त्यांचं शिक्षण वेगळं आहे.

आता तुमच्या ऑफिसातलं घेऊ. नाशिकहून दिल्लीला कांदा नेणाऱ्या ट्रकचं भाडं आणि दिल्लीहून परतीचं भाडं यांतला फरक तुम्ही रोज बघता. अंतर तेच, टोल तोच, डिझेलही जवळपास तेवढंच. तरी भाडं वेगळं, कारण गेलेली गाडी परत येणारच असते. जाणं आणि येणं एकाच खर्चातून निघतं, आणि तो खर्च दोघांत कसा वाटायचा हे दोन्ही टोकांची मागणी ठरवते. हंगामात नाशिकला गाड्या कमी पडल्या की जाण्याचं भाडं चढतं, आणि परतीला मालक निदान डिझेल सुटावं म्हणून मिळेल तो लोड उचलतो. याला संयुक्त खर्च म्हणतात. रेल्वेच्या दरांना हे तत्त्व कितपत लागू पडतं यावर १९१३ च्या सुमाराला टॉसिग आणि पिगू या दोन अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. पिगूंचं म्हणणं असं की येणं-जाणं खरोखर संयुक्त आहे, पण तांबं नेणं आणि कोळसा नेणं तसं नाही. एक नेलं म्हणून दुसरं आपोआप नेलं जात नाही. तिथे रेल्वे वेगवेगळे दर लावू शकते ते तिच्या मक्तेदारीमुळे. शंभर वर्षांपूर्वीचा हा वाद मी आजही वर्गात शिकवते, कारण मालभाड्याच्या प्रत्येक भांडणात तो दडलेला असतो.

रेल्वेच्या तिकिटावर एक ओळ छापलेली असायची: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते. २०१६ पासून ती ओळ छापली जाऊ लागली. त्या आकड्यामागे केवढं काम आहे याचा विचार करा. त्याच रुळावरून मालगाडीही जाते, तोच सिग्नल, तोच स्टेशनमास्तर. मग त्याच्या पगारातला किती भाग प्रवाशांचा आणि किती कोळशाचा? वाटणीची पद्धत बदलली की ५७ चे दुसरंच काही होऊ शकतं. मालवाहतुकीच्या उत्पन्नातून प्रवासी गाड्या पोसल्या जातात हे खरं आहे. पण किती, हा आकडा कुणी सांगितला की तो कसा काढला हे विचारायची सवय ज्या अभ्यासक्रमात लागते, तो चांगला अभ्यासक्रम.

हा विषय आपल्याकडे नवा नाही, हेही सांगून ठेवते. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेत १९३० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी केली होती. तेव्हा खासगी सर्व्हिस मोटारी आणि रेल्वे यांची चुरस चालू होती, आणि किती परवाने द्यावेत, भाडं कुणी ठरवावं हेच प्रश्न होते. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, आणि १ जून १९४८ ला पुणे–नगर मार्गावर पहिली एसटी धावली. तुमच्या वडिलांची नोकरी ज्या व्यवस्थेतून आली तिच्यामागे हा सगळा विचार होता. प्रवेशासाठी हेतुपत्र लिहाल तेव्हा परदेशी उदाहरणं शोधत बसू नका, हेच लिहा.

आता या पदव्युत्तर अभ्यासात खरं काय शिकवतात ते सांगते. खर्च आणि दर हा एक भाग, तो वर आलाच. दुसरा भाग मागणीचा: माणूस बस सोडून मोटारसायकल का घेतो, भाडं किंवा वेळ बदलला तर किती लोक बदलतील. इथे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांचं काम केंद्रस्थानी आहे. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी अधिकृत अंदाज असा होता की कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के ती वापरतील. मॅकफॅडन यांच्या गटाने लोकांच्या प्रत्यक्ष निवडींवरून ६.३ टक्के काढले. प्रत्यक्षात ६.२ टक्के लोक आले. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे मेट्रोच्या प्रवासीसंख्येचे अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा. चांगला अंदाज करण्याचं तंत्र पन्नास वर्षांपासून उपलब्ध आहे.

मागणीचा अभ्यास का कठीण, हे मी विद्यार्थ्यांना बेस्टवरून दाखवते. जुलै २०१९ मध्ये बेस्टने साध्या बसचं किमान भाडं ८ वरून ५ रुपये केलं. मे २०२५ मध्ये ते १० झालं. भाड्याचा प्रवासीसंख्येवर काय परिणाम होतो हे मोजायला याहून चांगली संधी कुठे मिळेल, असं वाटतं. पण २०१९ मध्ये भाडं उतरलं त्याच सुमाराला भाडेतत्त्वावरच्या नव्या एसी गाड्याही येऊ लागल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. नंतर घरून काम. २०२२–२३ मध्ये पश्चिम उपनगरांत मेट्रोचे २अ आणि ७ हे मार्ग. मग प्रवासी वाढले किंवा घटले त्यातलं भाड्यामुळे किती आणि बाकीच्यामुळे किती? आधी आणि नंतरच्या आकड्यांची वजाबाकी करून हे कळत नाही. कोणत्या मार्गांवर नव्या गाड्या आल्याच नाहीत, तिथे काय झालं, कोणत्या मार्गांना मेट्रो समांतर नाही, असं वेगळं काढत जावं लागतं. या कामाचं नाव अर्थमिती. परिवहनाच्या अभ्यासक्रमात हा विषय नसेल किंवा नुसता ऐच्छिक असेल, तर त्या पदवीच्या नावातला अर्थशास्त्र हा शब्द मी फारसा मनावर घेत नाही.

तिसरा भाग प्रकल्पांच्या मूल्यमापनाचा, आणि माझं पोट त्यावरच चालतं. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार प्रकल्पाचा आर्थिक परतावा, म्हणजे समाजाला होणाऱ्या फायद्यासकट धरलेला, किमान १४ टक्के दाखवावा लागतो. त्या फायद्यात मोठा हिस्सा प्रवाशांच्या वाचलेल्या वेळेचा असतो, आणि वेळेला रुपयांत किंमत दिलेली असते. अहवाल माझ्याकडे तपासायला आला की मी आधी दोन पानं उघडते. वेळेची किंमत कुठून घेतली आहे, आणि ‘प्रकल्प झाला नाही तर’ या चित्रात काय धरलं आहे. मेट्रो नाही झाली तर शहर हातावर हात ठेवून बसेल, एकही नवी बस घेणार नाही, असं गृहीत धरलेलं असेल तर फायदा फुगतोच. त्याच पैशात चांगली बससेवा दिली असती तर, ही तुलना झाली पाहिजे, आणि पर्यायांचं विश्लेषण तर त्या धोरणानेच सांगितलं आहे. याशिवाय वेळेची किंमत ठरवताना एक नैतिक प्रश्नही येतो. जास्त पगाराच्या माणसाचा तास महाग धरला तर विमानतळाचा रस्ता नेहमी जिंकेल आणि मुक्कामी गाडी नेहमी हरेल. हा प्रश्न सॉफ्टवेअर सोडवत नाही, तो शिकवणाऱ्याने वर्गात काढावा लागतो.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: खर्च निर्णयावर अवलंबून असतो, मागणी मोजणं कठीण पण शक्य आहे, आणि प्रकल्पाची किंमत कशाशी तुलना केली यावर ठरते. ज्या अभ्यासक्रमात या तीन गोष्टी हाताने करून घेतात तो परिवहन अर्थशास्त्राचा. गोदाम, साठा, ताफा, वितरण, करार, माहिती-प्रणाली यांवर भर असेल तर तो लॉजिस्टिक्सचा किंवा व्यवस्थापनाचा.

आता तुमचे प्रश्न एकेक करून.

एमबीए लॉजिस्टिक्स की हे? तुम्हाला मालवाहतूक कंपनीतच वर चढायचं असेल, स्वतःच्या गाड्या घ्यायच्या असतील, तर एमबीएचा उपयोग जास्त. पवईची पूर्वीची निटी, म्हणजे आता आयआयएम मुंबई, या कामासाठी ओळखली जाते. बंदरांकडे कल असेल तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीत बंदर आणि जहाजवाहतूक व्यवस्थापन शिकता येतं. वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय रेल्वे मंत्रालयाच्या पुढाकाराने उभं राहिलं, तिथले अभ्यासक्रम दर वर्षी तपासून पाहा, कारण ते अजून घडत आहे. धोरण, दर, अनुदान, प्रकल्प यांत काम करायचं असेल तर मात्र एमबीएने भागणार नाही.

अर्थशास्त्राच्या बाजूने भारतात सरळ रस्ता एकच नाही. आयआयटीतले परिवहनाचे एम.टेक. स्थापत्य विभागांत आहेत आणि अभियंत्यांसाठी आहेत. बी.ए. वर ते बंद. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ आणि दिल्लीचं नियोजन आणि वास्तुकला विद्यालय (एसपीए) इथे परिवहन नियोजन उत्तम शिकवतात. तिथली पात्रता नीट वाचा, काही ठिकाणी अर्थशास्त्राची आधी एम.ए. असावी लागते. तुमच्यासारख्याला मी बहुतेक वेळा असं सुचवते: गोखले संस्था किंवा मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग अशा ठिकाणी भक्कम एम.ए. किंवा एम.एस्सी. करा, अर्थमिती मनापासून शिका, आणि प्रबंध वाहतुकीवर लिहा. पदवीवर ‘परिवहन’ लिहिलेलं नसेल, पण मुलाखत घेणारा तुमचा प्रबंध वाचेल.

दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ रेल ट्रान्सपोर्टची, घरून करता येणारी, परिवहन अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचीच एक पदविका आहे. नोकरी न सोडता विषयाची तोंडओळख करून घ्यायला आणि आपला जीव यात रमतो का हे पाहायला ती ठीक. पदव्युत्तर पदवीच्या जागी ती धरू नका. पुण्याच्या भोसरीतली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, सीआयआरटी, १९६७ पासून राज्यांच्या परिवहन महामंडळांचं प्रशिक्षण करते. तिथल्या लोकांशी बोललात तर एसटीचा हिशेब आतून कळेल.

परदेशाचं म्हणाल तर लीड्स विद्यापीठाची परिवहन अभ्यास संस्था या विषयात आघाडीवर आहे. बस की मोटारसायकल अशा निवडींचं गणित मांडायला आज जगभर वापरली जाणारी मोफत प्रणाली, अपोलो, तिथेच तयार झाली. रॉटरडॅमचं इरॅस्मस विद्यापीठ बंदर आणि सागरी अर्थशास्त्रासाठी, अँटवर्प सागरी आणि हवाई वाहतुकीसाठी. लंडनला इंपिरियल आणि यूसीएल मिळून परिवहन शिकवतात. यांत कुठे जावं हे तुम्हाला रस्ता, रेल्वे की बंदर यांत रस आहे यावर ठरेल, क्रमवारीच्या तक्त्यावर नाही.

कर्जाबद्दल स्पष्ट बोलते. हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, तरी माझा नियम असा: कर्जाचा मासिक हप्ता भारतातल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून फिटत नसेल, तर परदेशात नोकरी मिळेल या भरवशावर ते काढू नये. व्हिसाचे नियम विद्यापीठ ठरवत नाही. ते तुमच्या एका वर्षाच्या अभ्यासात बदलू शकतात. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे किंवा राहतं घर तारण ठेवून तर नकोच. शिष्यवृत्ती मात्र नेटाने शोधा. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो तुमच्याकडे आहे. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीच्या योजनाही पाहा. आणि आधी इथे एम.ए. करून दोन वर्षं काम केल्यावर परदेशी गेलात तर त्या एका वर्षातून दुप्पट घेऊन याल. बावीस वर्षांच्या आणि अठ्ठावीस वर्षांच्या विद्यार्थ्यांत हा फरक मला वर्गात पहिल्याच महिन्यात दिसतो. कोणता प्रश्न विचारायचा ते अठ्ठावीस वर्षांच्याला माहीत असतं.

गणिताची भीती खरी आहे, पण ती नेमकी करून घ्या. लागतं काय? अवकलन म्हणजे बदलाचा दर. संभाव्यता आणि सरळ प्रतिगमन, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते हे आकड्यांतून काढणं. घातांक आणि लॉगॅरिदम, कारण निवडींचं सगळं गणित त्यावर उभं आहे. आणि पुढच्या वर्षांतले रुपये आजच्या रुपयांत आणणं, जे तुम्ही कर्जाच्या हप्त्यात आधीच वापरता. अकरावी-बारावी वाणिज्यची गणित-संख्याशास्त्राची पुस्तकं पुन्हा काढा आणि रोज थोडं सोडवा. एक सहामाही पुरते. मग आर नावाची मोफत संगणकीय भाषा शिका. माझ्या विद्यार्थ्यांत गणितामुळे मागे पडलेले फार थोडे. जास्त अडतात ते लिहिण्यात. आकड्यांतून निघालेली गोष्ट सरळ वाक्यांत सांगता येत नाही.

नोकरीचं. ‘परिवहन अर्थतज्ज्ञ’ नावाची जाहिरात महाराष्ट्रात क्वचितच दिसते, हे आधीच जाणून घ्या. तुम्ही सल्लागार कंपनीत विश्लेषक म्हणून लागाल, मेट्रो किंवा रस्त्यांच्या अहवालांवर काम कराल. राइट्ससारख्या सरकारी सल्लागार संस्था, एमएमआरडीएसारखी प्राधिकरणं, टोल रस्त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांचे वाहतूक-सल्लागार, बंदरं, शहरी वाहतुकीवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संशोधन संस्था, जागतिक बँकेच्या प्रकल्पांची कार्यालयं. बसमहामंडळांना अशा माणसांची सगळ्यात जास्त गरज आहे आणि तिथेच अशी पदं सगळ्यात कमी आहेत. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण मुक्कामी गाडीचा निर्णय आजही बऱ्याच ठिकाणी त्या ७० आणि ४० च्या वजाबाकीवर होतो.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी बहुतेक अर्जदारांकडे नसते: मालवाहतुकीच्या खऱ्या भाड्यांची तीन वर्षांची जाण. भारतात लॉजिस्टिक्सचा खर्च जीडीपीच्या १३ ते १४ टक्के आहे असं वर्षानुवर्षं म्हटलं जायचं. दिल्लीच्या एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने नीट मोजल्यावर २०२१–२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के निघाला. एवढा फरक पडतो कारण कशाला लॉजिस्टिक्सचा खर्च म्हणायचं, कंपनीच्या स्वतःच्या ट्रकचा आणि गोदामाचा खर्च कसा धरायचा, यांवर माहितीच तुटपुंजी होती. ट्रकमालक, अडत्या, दलाल यांच्यात रुपया कसा फिरतो हे माहीत असलेला अभ्यासक इथे दुर्मिळ आहे. कंपनीची परवानगी घेऊन, गिऱ्हाइकांची नावं काढून, एका हंगामातली जाण्याची आणि परतीची भाडी आठवड्यानुसार मांडा. सोबत कांद्याची लासलगावची आवक लावा. आवक वाढली की कोणत्या बाजूचं भाडं किती हलतं ते बघा. किंवा वडिलांना विचारून त्यांच्या जुन्या मार्गावरच्या एका मुक्कामी फेरीचा हिशेब तीन पद्धतींनी करा, उद्यासाठी, वर्षासाठी, पाच वर्षांसाठी. दोन्हींपैकी एक काम पूर्ण केलंत तर हा विषय तुमचा आहे की नाही ते कोणत्याही समुपदेशकाशिवाय कळेल, आणि अर्जाला जोडायला चार पानं हातात असतील.

अर्ज करण्याआधी विभागाला एक पत्र लिहा आणि तीन गोष्टी विचारा. अर्थमिती सक्तीची आहे का, आणि किती तास. गेल्या दोन वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं पाहायला मिळतील का. आणि प्रबंधासाठी खरी माहिती, म्हणजे तिकीट यंत्रांची, टोलनाक्यांची, मालभाड्याची, विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्याने स्वतः शोधायची. तिसऱ्याचं उत्तर ‘स्वतः शोधायची’ असं आलं तरी नाउमेद होऊ नका, तुमची माहिती तुमच्या टेबलावर आहे. पण पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तो अर्ज भरू नका.